लोकरीच्या टोपीला रेशमी अस्तर

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे पहाटेचे तापमान १५ ते १६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि पठारावरील वारा त्या गारव्यात भर घालतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर आकारास आलेल्या या उद्योगनगरीत महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली अनेक कुटुंबे राहतात. मुलांकडे मुक्कामास येणारे आईवडील सोबत हाताने विणलेल्या टोप्या व कानटोप्या घेऊन येतात. मात्र अशा टोप्या पुष्कळदा दोन-चार दिवस वापरून कपाटात जातात, कारण त्या कपाळाला आणि कानांना टोचतात.

या तक्रारीवरील उपाय तेथून फार दूर नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीहून शहराकडे येणारा सुमारे १० किलोमीटरचा उन्नत मार्ग २०१० मध्ये खुला झाला. त्या मार्गाने शहरात शिरताना लागणारा वाहतुकीच्या कोंडीसाठी प्रसिद्ध असलेला चौक ‘सिल्क बोर्ड’ या नावाने ओळखला जातो. १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय तेथे आहे. बेंगळुरूच्या पलीकडे म्हैसूर रस्त्यावर रामनगरची विख्यात कोष बाजारपेठ आहे. मराठवाड्यातील रेशीम उत्पादक वर्षानुवर्षे आपले कोष याच बाजारात नेत असत. २०१८ मध्ये जालना येथे कोष बाजारपेठ सुरू झाल्यानंतर त्यांना जवळचा पर्याय मिळाला.

टोचणाऱ्या लोकरीच्या टोपीला आतून रेशमाचे मऊ अस्तर लावणे हे घरच्या घरी होणारे काम आहे. त्यामागे मेंढपाळ आणि रेशीम उत्पादक या दोघांच्याही हिताचा प्रश्न आहे. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला आज मोल मिळत नाही. रेशीम उत्पादकांच्या हाती राहणाऱ्या डागाळलेल्या, पातळ व दुहेरी कोषांनाही भाव मिळत नाही. हे दोन्ही धागे एका वस्तूत एकत्र येऊ शकतात. मात्र चुकीच्या पद्धतीने लावलेले अस्तर लोकर खाणाऱ्या किडींना आयता आसरा देते. म्हणून अस्तर कशाचे असावे याइतकेच ते कसे शिवावे, हेही महत्त्वाचे ठरते.

लोकर का टोचते?

लोकरीची ‘ॲलर्जी’ आहे, असे अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा त्रास यांत्रिक स्वरूपाचा असतो. सुताच्या पृष्ठभागातून तंतूंची टोके बाहेर आलेली असतात. बारीक तंतूचे टोक त्वचेला टेकताच वाकते, तर जाड तंतूचे टोक न वाकता त्वचेवर दाब देते आणि तेथील वेदनासंवेदी मज्जातंतू उद्दीपित होतात. साधारणतः ३० मायक्रॉनहून जाड तंतूंचे प्रमाण ५ टक्क्यांच्या पुढे गेले की कापड टोचू लागते. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर साधारण १७ ते २२ मायक्रॉनची असल्यामुळे ती त्वचेला मऊ लागते.

दख्खनी मेंढीची गोष्ट वेगळी आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी हे तिचे ओळखीचे उपप्रकार आहेत. कमी पाऊस, कडक ऊन आणि लांबची पायपीट यांना तोंड देणारी ही काटक जात आहे. तिच्या लोकरीचे तंतू सरासरी ३५ मायक्रॉनहून जाड असून त्यांत केसासारखे पोकळ गाभ्याचे तंतूही मिसळलेले असतात. घोंगडी आणि जेन यांसाठी हेच गुण उपयोगी पडतात, कारण पाऊस, वारा व काटेकुटे सोसणाऱ्या वस्त्राला असाच रांगडा तंतू लागतो. परंतु घोंगडीची मागणी घटल्यावर या लोकरीचा उठाव कमी झाला. कातरणी न केल्यास मेंढीला उष्म्याचा व बाह्य परोपजीवींचा त्रास होतो. त्यामुळे वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते, पण निघालेली लोकर अनेकदा खर्चही भरून देत नाही.

या लोकरीचे हाताने कातलेले सूत जाड सुयांवर विणून टोपी होऊ शकते. तंतूची जाडी बदलता येत नसली, तरी तंतू व त्वचा यांच्यामध्ये मऊ थर घालता येतो. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. बाळाच्या खणाच्या वा जरीच्या कुंचीला आतून मलमलीचे अस्तर लावण्याची पद्धत महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वापार आहे.

अस्तर कशाचे असावे?

अस्तरासाठी प्रामुख्याने तीन पर्याय उपलब्ध आहेत.

सुती मलमल किंवा होजिअरी : स्वस्त, सहज मिळणारे व धुण्यास सोपे. मात्र कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे ते बेतण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवावे.

तुती रेशीम : रेशीमकिड्याच्या कोषातील तंतू साधारण १० ते १३ मायक्रॉनचा, गुळगुळीत व अखंड असतो. टोचणारी टोके त्यात जवळजवळ नसतात. केसांशी घर्षण कमी होते. प्रमाणित हवामानात रेशीम सुमारे ११ टक्के ओलावा धारण करते, लोकर सुमारे १६ टक्के, तर कापूस सुमारे ८.५ टक्के. त्यामुळे घाम शोषूनही रेशमी अस्तर लवकर ओलसर लागत नाही.

एरी रेशीम : एरंडीच्या पानांवर वाढणाऱ्या किड्याचा कोष एका बाजूने उघडा असतो. त्यातून पतंग बाहेर पडल्यानंतर कोष कापसाप्रमाणे कातला जातो. त्याचे कापड मऊ, किंचित फुगीर व उबदार असते.

रेशमाचा आणखी एक लाभ लक्षात घेण्याजोगा आहे. हाताने विणलेल्या टोपीच्या टाक्यांमधून वारा आरपार जातो. घट्ट विणीचे रेशमी कापड तो अडवते आणि दोन थरांमध्ये स्थिर हवेचा पडदा तयार होतो. ऊब टिकते ती प्रामुख्याने या स्थिर हवेमुळे. शिवाय लोकर व रेशीम हे दोन्ही प्रथिनजन्य तंतू असल्याने दोघांनाही एकाच प्रकारची धुलाई मानवते. कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा. तीव्र क्षारयुक्त पावडर आणि एन्झाइमयुक्त डिटर्जंट दोन्ही तंतूंची हानी करतात.

बाजारात ‘लोकर’ म्हणून विकले जाणारे बरेचसे सूत प्रत्यक्षात ॲक्रिलिकचे असते. ओळखण्यासाठी सुताचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो व उरलेली राख बोटांनी चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो.

न विकल्या जाणाऱ्या कोषांचा उपयोग

प्रत्येक पिकात काही कोष रिळिंगसाठी अयोग्य ठरतात. दोन अळ्यांनी मिळून केलेला दुहेरी कोष, आतून डागाळलेला कोष, पातळ कवचाचा कोष आणि पतंग बाहेर पडल्याने छिद्र पडलेला कोष हे त्यांपैकी होत. त्यांतून अखंड धागा निघत नसला, तरी तंतूची गुणवत्ता बहुतांशी टिकून असते.

जपानमध्ये अशाच कोषांपासून ‘मावाता’ हा रेशमी थर तयार करण्याची जुनी परंपरा आहे. कोषातील तंतू सेरिसिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने चिकटलेले असतात. कोषाच्या वजनाच्या साधारण २० ते ३० टक्के भाग सेरिसिनचा असतो. साबण व थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या, उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात कोष शिजवले की हा डिंक विरघळतो. त्यानंतर कोष स्वच्छ पाण्यात उघडून आतील प्यूपा काढून टाकतात आणि मऊ झालेले कवच हातांनी ताणून चौकटीवर पसरतात. एकावर एक असे अनेक कोष ताणले की जाळीदार, हलका व उबदार थर तयार होतो. या कामास रिळिंग यंत्र लागत नाही. पातेले, चूल, भरपूर पाणी आणि लाकडी चौकट एवढ्या साहित्यावर ते होते.

हा थर थेट अस्तर म्हणून वापरू नये. त्याचे मोकळे तंतू केसांत अडकतात व थर गोळा होतो. दोन पातळ कापडांमध्ये तो पसरून ३ ते ४ सेंटिमीटर अंतरावर धावदोरा घालावा. असे अस्तर थंड प्रदेशात पाठवायच्या टोप्यांसाठी योग्य ठरते. बेंगळुरू वा पुण्यासारख्या सौम्य हिवाळ्यासाठी एकेरी रेशमी किंवा मलमली अस्तर पुरेसे आहे.

अस्तर लावण्याची पद्धत

विणलेली टोपी ताणली जाते, पण विणकराच्या मागावरील कापड ताणले जात नाही. अस्तर बिघडण्याचे हे मुख्य कारण आहे. टोपीच्या न ताणलेल्या मापाचे अस्तर बेतले, तर टोपी डोक्यावर चढत नाही किंवा टाके तुटतात. म्हणून माप टोपीचे न घेता डोक्याचे घ्यावे.

१. टोपी प्रथम कोमट पाण्यात हलक्या हाताने धुऊन सपाट पृष्ठभागावर सावलीत वाळवावी. लोकर धुण्यात आटते. ती आटून झाल्यावरच अस्तर बेतावे.

२. कपाळावरून कानांच्या वर डोक्याचा घेर मोजावा. घेर ५६ सेंटिमीटर असल्यास अस्तराचा घेर सैलपणासह ५८ सेंटिमीटर धरावा.

३. अस्तर चार कळ्यांचे करावे. प्रत्येक कळीची तळाकडील रुंदी १४.५ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी १ सेंटिमीटर, म्हणजे एकूण १६.५ सेंटिमीटर ठेवावी. वरचे टोक गोलाई देत निमुळते करावे. दुमडण्याचा भाग सोडून अस्तराची उंची टोपीपेक्षा १ ते १.५ सेंटिमीटरने कमी असावी.

४. कापड उरेब बेतावे. उरेब कापड थोडे ताणले जाते आणि डोक्याच्या गोलाईवर नीट बसते. एका टोपीस साधारण अर्धा मीटर कापड पुरते.

५. कळ्या जोडताना शिलाईची कडा लोकरीच्या बाजूस राहील, याची काळजी घ्यावी. ती त्वचेच्या बाजूस राहिल्यास कपाळावर वळ उमटतो.

६. अस्तर टोपीत बसवून शेंड्यापाशी एक-दोन टाके घालावेत. त्यामुळे टोपी काढताना अस्तर बाहेर येत नाही. खालची कड आत दुमडून, टोपी किंचित ताणून धरत, हेरिंगबोन टाक्याने जोडावी. हा तिरका टाका टोपीबरोबर ताणला जातो.

७. जोडणीचा दोरा वेगळ्या रंगाचा व सहज उसवता येईल असा असावा. हंगाम संपल्यावर अस्तर उसवून दोन्ही थर स्वतंत्रपणे धुवावेत.

केवळ कपाळाला टोचत असेल, तर पूर्ण अस्तराऐवजी आतून ५ ते ६ सेंटिमीटर रुंद उरेब पट्टी लावली तरी काम भागते. कानटोपीला मात्र कानांवरही अस्तर आवश्यक आहे.

अस्तरामागे दडणारी कसर

सातव्या सूचनेचे कारण कीटकशास्त्रीय आहे. ज्याला घरोघरी ‘कसर’ म्हटले जाते, त्यात अनेक किडी येतात. लोकरीची खरी शत्रू म्हणजे कापड-पतंगाची अळी आणि कार्पेट भुंगेऱ्याची अळी. टिनिओला बिसेलिएला हा सोनेरी छटेचा लहान पतंग स्वतः काहीच खात नाही, कारण प्रौढावस्थेत त्याची मुखांगे कार्यक्षम नसतात. मादी लोकरीच्या तंतूंमध्ये साधारण ४० ते ५० अंडी घालते आणि उबदार हवेत ती ४ ते १० दिवसांत उबतात. नुकसान करते ती अळी. घरांच्या भिंतींवर राखाडी, चपट्या पिशवीसह सरकणारी जी अळी अनेकांच्या परिचयाची आहे, तीही याच कुळातील असून केस, कोळ्याचे जाळे आणि लोकर यांवर उपजीविका करते.

लोकरीतील केराटिन हे प्रथिन गंधकयुक्त बंधांनी घट्ट बांधलेले असते. बहुतेक प्राण्यांना ते पचत नाही. कापड-पतंगाच्या अळीच्या मध्यांत्रातील क्षारीय व क्षपणकारी स्थिती हे बंध तोडते. रेशमातील फायब्रॉइनची रचना निराळी आहे. ते मुख्यतः ग्लायसिन, ॲलानिन व सेरिन या अमिनो आम्लांचे बनलेले असते आणि त्यात गंधकाचे बंध नगण्य असतात. त्यामुळे कापड-पतंग स्वच्छ रेशमाकडे सहसा वळत नाही. परंतु घाम, तेल वा अन्नाचे डाग पडलेले रेशीम सुरक्षित राहत नाही आणि अँथ्रेनससारखे भुंगेरे रेशीमही कुरतडतात.

या सर्व अळ्यांना अंधार, स्थिरता आणि घामाचा अंश असलेली लोकर मानवते. कायमचे शिवून टाकलेले अस्तर नेमकी हीच परिस्थिती निर्माण करते. बाहेरून टोपी निर्दोष दिसते, पण आत अळी निवांत चरत असते. पुढील हिवाळ्यात टोपी हाती घेतल्यावर विणीचे टाके सुटू लागतात, तेव्हा नुकसान लक्षात येते. म्हणून अस्तर उसवता येणे हा किडीपासून बचावाचा पहिला उपाय आहे.

साठवण व बाळांची सुरक्षितता

साठवणीपूर्वी टोपी धुऊन पूर्ण वाळवावी, मऊ ब्रशने शिलाईच्या कडा झटकाव्यात आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. किडीची शंका असल्यास पिशवी हवाबंद करून उणे १८ अंश तापमानाच्या फ्रीझरमध्ये किमान एक आठवडा ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड लोकरीवर दव जमते. रेशीम तीव्र उन्हात पिवळे पडते व कमकुवत होते. त्यामुळे अस्तर बाहेर काढून तासन्‌तास उन्हात ठेवू नये. कडुनिंबाचा पाला किंवा लवंग यांच्या वासावर विसंबून स्वच्छता टाळू नये, कारण लोकरीत शिरलेली अळी त्याने मरेल याची खात्री नसते.

डांबराच्या गोळ्यांबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. त्यांतील नॅफ्थलिन वाफेच्या रूपाने लोकरीत मुरते. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलिनच्या संपर्काने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता अनेकदा कुटुंबाला ठाऊकही नसते. त्यामुळे बाळाच्या टोप्या, कुंच्या व दुपटी डांबराच्या गोळ्यांत ठेवू नयेत. वापरलेली व जतन करून ठेवलेली टोपी नव्या बाळासाठी काढताना ती अशा गोळ्यांत ठेवली होती का, याची विचारपूस करावी. तसे असल्यास ती बाळाला घालू नये.

आणखी दोन गोष्टी सांगणे योग्य ठरेल. घरात झोपलेल्या बाळाला जाड टोपी घालू नये. बाळ डोक्यावाटे बरीच उष्णता बाहेर टाकते आणि टोपीमुळे त्याचे शरीर अति तापू शकते. तसेच दुचाकी चालवताना हेल्मेटखाली जाड टोपी वापरू नये. हेल्मेट डोक्याला घट्ट बसले तरच संरक्षण देते. विक्रीच्या टोपीसोबत ही सूचना छापील चिठ्ठीवर द्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

या कामाची सुरुवात मोठ्या भांडवलाविना होऊ शकते. मेंढपाळांना कातरणीच्या वेळीच पोटाखालची मळकी लोकर वेगळी करण्यास आणि काळी व पांढरी लोकर निराळी ठेवण्यास शिकवावे. वर्गवारी न केलेल्या लोकरीपासून एकसारखे सूत निघत नाही. रेशीम उत्पादकांना न विकले जाणारे कोष फेकण्याऐवजी वाळवून साठवण्याचा सल्ला द्यावा. ओलसर कोषांतील प्यूपा कुजतो व भुंगेऱ्यांना आकर्षित करतो. ज्या तालुक्यांत मेंढपाळ व रेशीम उत्पादक दोघेही आहेत, तेथे ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गटांना विणकाम आणि अस्तराचे शिवणकाम एकत्र शिकवता येईल. पहिल्या हंगामात वीस-पंचवीस टोप्याच कराव्यात, त्या परिचितांना वापरण्यास द्याव्यात आणि टोचणे, घेर, धुलाई यांविषयीचे त्यांचे अनुभव नोंदवून मगच मापे निश्चित करावीत.

ग्राहकाला वस्तूची खरी माहिती द्यावी. दख्खनी लोकर मेरिनोसारखी मऊ आहे, असे सांगून विकलेली टोपी पुन्हा घेतली जाणार नाही. ‘बाहेरून दख्खनी लोकर, आतून रेशीम, अस्तर उसवून धुता येते’ एवढे स्पष्ट लिहिले, तर इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या ग्राहकाला ती का घ्यावी हे कळेल. त्या टोपीची किंमत मेंढपाळाच्या कातरणीपर्यंत आणि रेशीम उत्पादकाच्या बाजूला ठेवलेल्या कोषांपर्यंत पोहोचेल, अशी वाटणी गटाने सुरुवातीसच लिहून ठेवावी. पुढच्या कातरणीपूर्वी प्रत्येक तालुक्यातील एका गटाने तरी हा प्रयोग करून पाहावा.